नमुना म्हणून माझे रक्त

सोमवार, ४ मार्च
आज कन्येच्याच संशोधनसंस्थेत लेखाधिकारी म्हणून रुजू झालो. खोली उजेडाची आहे. खुर्ची तेवढी डुगडुगते. कन्या येथे पेशी घडवते. शरीरातला रोगट भाग खायचा आणि त्या जागी निरोगी भाग उभारायचा, हे त्या पेशींचे काम. निरोगी कशाला म्हणावे, हे संगणक रक्ताच्या नमुन्यांवरून ठरवून देतो. नव्या माणसाने नमुन्यासाठी रक्त देण्याचा येथे प्रघात आहे. कन्येच्या वरिष्ठ बाई म्हणाल्या की, इथे सगळ्यांचंच रक्त आटतं, म्हणून आम्ही ते आधीच काढून ठेवतो. मीही हसलो.

गुरुवार, १४ मार्च
कन्येच्या बोटाला त्या पेशी भरलेली सुई टोचली. मी रागावलो, तर म्हणाली, बाबा, तुम्ही टाचणी लागली तरी दवाखान्यात धावता.

बुधवार, २० मार्च
तिच्या त्या बोटाचे नख गळून पडले. नवे आले ते रुंद, पिवळसर, मधोमध रेघ असलेले. असे नख मी रोज पाहतो. माझ्या हातावर.

शुक्रवार, २२ मार्च
संगणकतज्ज्ञाला गाठले. आधी उडवाउडवी, मग कबुली. संगणकाला सर्वांचे नमुने एकत्र द्यायचे, ते घाईत एकट्या माझेच दिले गेले. काका, काम प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीतलं होतं, कोणाच्या अंगात थोडंच जाणार होतं, असे तो पुटपुटला.
म्हणजे त्या पेशींच्या लेखी निरोगी तो फक्त मी. माझी मुलगी हाच रोग.

मंगळवार, २६ मार्च
पेशी मारण्याचे औषध बाईंनी दिले. लागू पडत नाही. कोपरापर्यंत तिचा हात आता माझा — केसांसकट. ती पूर्ण बाह्यांचे कपडे घालते. मी पाहिले नाही असे दाखवतो.

शनिवार, ३० मार्च
तिचा आवाज गेला. माझा आला. त्या आवाजात मला बाबा म्हणते —
घरातले आरसे उतरवले.

सोमवार
ती तिच्या खोलीबाहेर येत नाही. बाई म्हणतात, धीर धरा. कशाचा —

मंगळवार
ती माझ्या खोलीचे दार वाजवते आहे. म्हणते, आता दुखत नाही, बरं वाटतंय, मी कशी दिसते ते तुम्हीच सांगा. आरसे उतरवून काय साधले — मी समोर उभा राहिलो की तिला सगळेच दिसेल.
मी कडी काढली. चेहरा — हो, तोही. डोळे तरी तिचे —