कोपऱ्यातलं नाव

उम्म सलाल मोहम्मद, कतार
शुक्रवार, १६ ऑक्टोबर २०१५

प्रिय तसनीम,

अस्सलामु अलैकुम. आम्ही दोघं इथे खुशाल आहोत, तुम्हा तिघांची खुशाली रोज मागतो. हारिसना सलाम. छोट्या सिताराला खूप दुआ. परवा फोनवर ती मला ‘मामू’ म्हणाली आणि पुढचं सगळं इंग्लिशमध्ये. मी हो हो करत राहिलो. तिनं काय मागितलं आणि मी कशाला हो म्हटलं, ते तिला विचारून कळव.

हे पत्र लिहून झालं की त्याचे फोटो काढून तुला पाठवतो आणि मूळ कागद पोस्टात टाकतो. फोनवर तू हसून विषय बदलतेस आणि मीही तेच करतो.

तुझ्या निवडणुकीच्या पत्रकात घरच्यांबद्दल दोन ओळी लागतात म्हणालीस, भाऊ काय करतो ते. तर लिहून घे. या दोन हातांनी मी केलेलं: मिरकरवाड्याच्या बंदरातल्या निम्म्याअधिक बोटींवरची नावं. बाजारातल्या दोन गिरण्यांच्या आणि एका सलूनच्या पाट्या. ‘तसनीम फणसोपकर, बी.एस्सी., बी.एड., गणिताची शिकवणी’ हा बोर्ड, ज्यावर अम्मा म्हणाली होती की पोरीपेक्षा अक्षरं मोठी झाली. इथे आल्यावर समैस्माच्या किनाऱ्यावरची, पोहू नका सांगणारी तीन भाषांतली पाटी. उम्म सलालच्या बेकरीचा हिरवा बोर्ड. मुशैरिबला एका नव्या हॉटेलच्या दारावरची पितळी अक्षरं, अरबी आणि इंग्लिश, आधी कागदावर हातानं काढलेली, मग कापलेली. यातलं मला कुणी शिकवलेलं नाही. अरबी वळण मी दोह्याच्या जुन्या दुकानांच्या पाट्यांवर पातळ कागद धरून गिरवलं. एकदा एका दुकानदारानं चोर समजून हाकललं होतं, हे पत्रकात घालू नकोस.

आणि हे घाल: यातल्या प्रत्येक कामाच्या खाली, कोपऱ्यात, करंगळीच्या नखाएवढं ‘फणसोपकर’ आहे. मराठी आणि इंग्लिश पाटीवर उजव्या कोपऱ्यात. अरबीवर डाव्या, कारण ती उजवीकडून सुरू होऊन डावीकडे संपते. पेंटरची सही काम संपतं तिथे असते.

म्हणून तर तुझी निवडणूक समजायला मला वेळ लागला. तुझ्या मुनीराभाबीनं मात्र स्वयंपाकघरातून ऐकून आधीच समजून घेतली होती आणि मला अजून त्यावरून चिडवते. मी तुला विचारलं होतं, “राष्ट्राध्यक्ष तर पुढच्या नोव्हेंबरात, मग तू मार्चमध्ये कशाला उभी?”

“भाई, आधी पक्षाचा उमेदवार ठरायचा असतो. त्यासाठी प्रत्येक राज्यात प्राथमिक निवडणूक. आमच्याकडे इलिनॉयमध्ये मार्चला.”

“बरं. मग लोक त्या नेत्यांना मत देतील. तुझं काय काम?”

“नेत्याला शेवटी निवडतात ते प्रतिनिधी. जुलैत मोठं अधिवेशन भरतं, तिथे. लोकांनी वरच्या रकान्यात नेत्याला मत दिलं, त्यावरून ठरतं की आमच्या मतदारसंघातून त्याला किती प्रतिनिधी मिळणार. खालच्या रकान्यात आमची नावं. त्यातून कोण जायचं ते आमच्या मतांवर ठरतं. बाया किती, पुरुष किती, तेही बघतात.”

“म्हणजे बोर्ड नेत्याचा, आणि तू कोपऱ्यातलं नाव.”

“उलटं. खालच्या रकान्यात माझं नाव आधी येतं. आणि पुढे कंसात त्याचं.”

“कंसात?” मी चहाच्या कपासकट उभाच राहिलो होतो. “उद्याचा राष्ट्राध्यक्ष कंसात, आणि फणसोपकर बाहेर?”

“चहा सांडला,” मुनीरा आतून म्हणाली. “बाहेर आला तो चहा.”

दुसऱ्या दिवशी दुकानात मी सगळ्यांना हे समजावून सांगितलं. थोडं चुकीचं सांगितलं. सगळीच राज्यं अशी करतात म्हणालो. नंतर तू सांगितलंस की प्रत्येक राज्याची तऱ्हा वेगळी, कुठे पक्षवाले सभा घेऊन प्रतिनिधी ठरवतात, कुठे लोक खोलीच्या कोपऱ्याकोपऱ्यात गट करून उभे राहतात आणि डोकी मोजतात. मग परत सगळ्यांना बोलावून दुरुस्ती सांगितली. आमचा मल्याळी फोरमन म्हणाला, “शफीकभाई, खलास. पत्रा कापा.”

आता मुद्द्यावर येतो.

तुमच्या प्रचाराचं काम बघणारा तो डेल म्हणाला की सह्या गोळा करायच्या कागदांवर सोमवारी नाव छापलं जाईल, आणि तेच मतपत्रिकेवर जाईल. शाळेत तुला सगळे टेस म्हणतातच, तर ‘टेस फॅन’ असं छोटं करू, वकिलाला विचारून बसवू. तू मला हे हसत हसत सांगितलंस आणि मग हळूच विचारलंस, “भाई, तुला वाईट वाटेल का?” मी विचारलं, तिकडे सुरमई मिळते का. तू म्हणालीस, फ्रोझन. फोन संपला.

पहिली गोष्ट, फॅन म्हणजे पंखा. आपल्या घरात पंखा आला तेव्हा तू कॉलेजात होतीस. दुसरी गोष्ट, यात थोडा हात माझाच. पासपोर्टाच्या वेळी आडनावाचं स्पेलिंग एफनं मी केलं. पीएच जोडीला उभं राहिलं की पुढचा ए मागे पडल्यासारखा दिसतो, म्हणून. पीएच ठेवलं असतं तर त्या डेलला फणसात पंखा सापडलाच नसता. मुनीरा म्हणते, “तुमच्या देखण्या अक्षरापायी पोरीचं आडनाव गेलं.”

पण डेल मूर्ख नाही, हे मी मान्य करतो. तो म्हणाला की मागे असं झालेलं आहे. एकाच नेत्याचे चार प्रतिनिधी यादीत असतात, लोक तीन नावांपुढे खूण करतात, आणि वाचता न येणारं चौथं सोडून देतात. नेता तोच, पक्ष तोच, फक्त नाव जड. असं तुझ्या बाबतीत झालं तर तुझा नेता जिंकेल आणि तू घरी राहशील. मी माणसांना पाट्या वाचताना रोज बघतो, तसनीम. लांब नावाशी डोळा थांबत नाही, घसरतो. हे तुला खोटं सांगणार नाही.

आणि तुला जायचंय हे मला माहीत आहे. इतकी वर्षं लोकांच्या मुलांना गणित शिकवलंस, थंडीत दारोदार फिरून दुसऱ्यांसाठी मतं मागितलीस. तू म्हणाली होतीस, “भाई, मला एकदा त्या सभागृहात उभं राहून मोजलं जायचंय.” तेव्हापासून ते वाक्य माझ्या कानात आहे.

तेव्हा नीट ऐक. टेस लिहिलंस तरी मला वाईट वाटणार नाही. वाटलं तरी ते माझं मी बघेन. हवं तर टेसचा बोर्डही करून पाठवीन. दोन एस शेजारी आले की मधली जागा फसवी असते, ती मी सांभाळीन. ज्या बाईला लोक मत देतील ती माझीच बहीण असेल.

मुनीरा मागून वाचते आहे. म्हणते, “जुलैचं लिहा आधी. पानं भरली तरी जुलै येत नाही तुमचा.”

लिहितो. आधी एक बातमी.

गेल्या आठवड्यात अनय आला होता. पुण्याचा आहे, एका डिझाइन कंपनीत मोठ्या हुद्द्यावर, चांगला मुलगा. मुशैरिबची पितळी अक्षरं बघून कुणी केली ते विचारत विचारत घरापर्यंत पोचला. खाली बसून त्यानं माझे कागद बघितले, शुक्रवारी शुक्रवारी घरी बसून काढलेले, अरबी आणि इंग्लिशची सगळी अक्षरं, एकमेकांशेजारी शोभतील अशी. एका अक्षराच्या आतल्या पोकळ जागेवर बोट ठेवून म्हणाला, “शफीकभाई, हे पोट तुम्ही मुद्दाम मोठं ठेवलंत ना? लांबून भरल्यासारखं दिसू नये म्हणून?” इतक्या वर्षांत हे कुणी ओळखलं नव्हतं. मुनीरानं त्याला दुसऱ्यांदा खीर वाढली.

तो म्हणाला, वर्ल्ड कपच्या आधी इथे किती पाट्या लागतील त्याला मोजमाप नाही, रस्ते, हॉटेलं, सगळीकडे. त्यांना हीच अक्षरं हवी आहेत, कायमची विकत. “फक्त ते कंपनीच्या नावानं जाईल. कागदावरचं कोपऱ्यातलं नाव तेवढं काढावं लागेल.”

“कोपरा किती जागा खातो?” मी विचारलं.

“जागेचा प्रश्न नाही हो, शफीकभाई. कागदोपत्री मालक एकच लागतो. माझंही नाव कुठे नसतं.” हे तो जरा हळू बोलला. मला त्याचं वाईट वाटलं.

मी विचार करून सांगतो म्हटलं. दुसऱ्या दिवशी सकाळी मुनीरा म्हणाली, “घ्या म्हणत नाही, नको म्हणत नाही. पण तसनीमला तुम्ही शब्द दिलाय.”

दिलाय. बकरी ईदच्या फोनवर मीच म्हणालो होतो: तू निवडून आलीस तर आम्ही दोघं जुलैत येऊ, महिनाभर राहू, आणि तू त्या सभागृहात जाशील तेव्हा मी वरच्या पाहुण्यांच्या बाकांवर बसेन. प्रतिनिधीला स्वतःच्या खर्चानं जावं लागतं म्हणालीस, तेव्हा तुझंही अर्धं मी देईन असं बोलून बसलो होतो. ते अनयच्या पैशांतून सहज झालं असतं. आता होणार नाही, तसनीम. या जुलैत आम्ही येत नाही. हे लिहायला इतकी पानं लागली.

रागावू नकोस. रागावलीस तर फोनवर रागाव, पत्रात नको, पत्र मी परत परत वाचतो.

टीव्हीवर दाखवतील ना ते सभागृह? मी दुकानात लावीन. फोरमनला सांगून ठेवलंय. इथे किती वाजलेले असतील ते हारिसना विचारून कळव. तुझ्या छातीवर बिल्ला असेल, त्यावर जे काही नाव असेल ते मी इथून वाचीन. लहान अक्षरं वाचायची सवय आहे मला.

सोमवारी काय छापायचं ते तूच ठरव. गणितवाली तू आहेस. मी या पत्रात टेस लिही म्हटलेलं नाही आणि लिहू नको असंही म्हटलेलं नाही, हे पुन्हा वाचून बघ. फक्त माझ्याकडचं काय झालं ते तुला ठाऊक असावं, एवढ्यासाठी खाली लिहितो.

कंसाबाहेरच्या बहिणीला, कोपऱ्यातल्या भावाच्या दुआ.

तुझा भाई,
शफीक दाऊद फणसोपकर

ता. क. अनयला काल फोन केला. कागद विकत घ्यायचे तर कोपऱ्यासकट घे, म्हटलं. ते जमणार नाही म्हणाला, आणि त्याचा आवाज खरंच उतरला होता. मग मी नको म्हटलं. पंचेचाळीस हजार रियाल.