तुमच्या नावावरचं एक वाक्य

आबा,

आज दुकानात काम नाही. शेतातल्या मोटारी चालत नसल्या की जळत नाहीत, मग वायंडिंगवाल्याकडं कुणी फिरकत नाही, म्हणून हे लिहायला बसलोय. तुम्ही गेलात त्याला वीस वर्षं होऊन गेली. एवढ्या वर्षांत तुमच्याशी बोलावंसं पुष्कळदा वाटलं, पण रविवारी जोतिबासमोर उभा राहिलो की मनातल्या मनात बोलून व्हायचं. या खेपेची गोष्ट तशी भागत नाही. ती कागदावर नीट मांडल्याशिवाय मला चैन पडणार नाही.

तुमचा नातू सैन्यात भरती झाला. तुम्ही त्याला पाहिलं नाहीत, तुम्ही गेल्यावर वर्षाच्या आत तो झाला. कान तुमचे आहेत, चालही तुमचीच, आणि हट्टसुद्धा. पळणं झालं, परीक्षा झाली, डॉक्टरनं तपासलं, ट्रेनिंगला हजर व्हायचं बोलावणं आलं. अडलं ते तुमच्या सुनेपाशी. ती नाही म्हणाली नाही. ती काहीच म्हणाली नाही. पोराच्या ताटात वाढायची, कपडे धुवायची, शेजारणीनं पेढे मागितले की हसायची, आणि विषय निघाला की उठून आत जायची. पोरगं मला म्हणालं, "पप्पा, आईनं तोंडानं जा म्हटल्याशिवाय मी न्हाई जाणार." मी म्हटलं, अरे, ती मनातून हो म्हणत असेल. तर म्हणतं, "मनातलं मला ऐकू येत न्हाई." आता हजर व्हायला आठवडाच उरला होता.

तुम्ही फौजेतनं रजेवर यायचात तेव्हाचा आपल्या गावच्या स्वयंपाकघरातला एक दिवस मला या सगळ्यात सारखा आठवत होता. माझी आई भाकरी थापते आहे. मी भिंतीला टेकून चिंचोक्यांच्या दोन फौजा मांडल्यात. टिचकी मारायची, चिंचोका उडाला की मेला, मेलेला चुलीकडं फेकायचा. तुम्ही दारात येऊन उभे राहता. किती वेळ बघत होतात कोण जाणे. मग खाली बसून चुलीजवळचे चिंचोके एकेक करून गोळा करता, फुंकर मारून राख उडवता आणि मला विचारता, "ह्यांची नावं काय?" मी म्हणतो, "सैनिकांना कुठं नावं असत्यात?" तुमचा आवाज चढत नाही, पण आई थापायची थांबते. "पयलं नावं ठेव. मग खेळ." मी माझ्या वर्गातल्या पोरांची नावं ठेवली. एक चिंचोका आपल्या गादीवाल्यांच्या पोराचा, माझ्या दोस्ताचा. त्यानंतर टिचकी मारायला बोट उठेना. खेळ तिथंच मोडला. तुमच्यावर मी दोन दिवस रागावलो होतो. लढाईबद्दल तुम्ही माझ्याशी जे बोललात ते एवढंच. बाकी विचारलं तर थंडीबद्दल सांगायचात, खेचरांबद्दल, बटाट्याच्या भाजीबद्दल.

आता घरात जो खेळ आलाय तो तुम्हाला आवडला नसता. थोरली लेक पुण्याला नोकरीला आहे, तिनं दिवाळीला आणला. जाड पुठ्ठ्याच्या पटावर सगळ्या जगाचा नकाशा. प्रत्येकाला काही देश आणि प्लास्टिकचे बारके सैनिक. शेजारच्या देशावर हल्ला करायचा, दोघांनी फासे टाकायचे, ज्याचा आकडा लहान त्याचा सैनिक पटावरून उठला. बरोबरी झाली तर ज्याचा देश आहे त्याचं राहतं. हल्ला करताना मागं एक तरी सैनिक ठेवावाच लागतो, सगळे नेता येत नाहीत. शेवटी एकानं जग घ्यायचं. कळंब्याच्या आमच्या घरी दर रविवारी जेवणं झाली की दुपारचे बसतो. मी, तुमची सून, पोरगा आणि तोच माझा गादीवाला दोस्त. त्याच्या आज्जीनं तुमच्या मिलिटरीच्या घोंगडीला गोट लावून दिला होता बघा, तोच. आता त्याचं स्वतःचं दुकान आहे, डोक्याला टक्कल पडलंय, पण तोंड तेच.

हा गडी दर खेपेला ऑस्ट्रेलियात जाऊन बसतो. तिकडं जायला एकच वाट, राखायला सोपं. आणि तिथनं सगळ्यांना शिव्या घालतो. तुमच्या सुनेची तऱ्हा वेगळीच. पहिल्या दिवसापासून तिनं हिंदुस्थान धरला. बाकीचे देश कुणी घेतले तरी तिला काही नाही. मिळतील ते सगळे सैनिक ती हिंदुस्थानात उभे करते, ओळीनं, एकाच दिशेला तोंड करून. आजवर तिनं एकदाही कुणावर हल्ला केला नाही. दोस्त म्हणतो, "वहिनी, ही फौज हाय का गोठा? नुसतं बांधून ठेवलंय आन् वैरण घालताय."

"माझी पोरं कुठं जाणार न्हाईत," ती म्हणते. "घरात सुखानं दोन घास खात्यात, तुमच्या पोटात का दुखतंय?"

आणि तिच्यावर कुणी हल्ला करायचा नाही, असं न ठरवताच ठरून गेलं. मी करत नाही, कारण नंतर चहा तीच करणार. दोस्त करत नाही, कारण वहिनी. पोरगं का करत नाही ते विचारायला नको. पण त्यामुळं ते दर रविवारी हरतं. त्याचा डाव नेहमी आशियाचा असतो, आणि पुरा आशिया हातात यायला हिंदुस्थान लागतो. बाकी सगळं घेऊन ते आईच्या सीमेवर येऊन थांबतं, तिथं त्याचे सैनिक साचत राहतात, आणि ऑस्ट्रेलियावाला सावकाश बाहेर पडून त्याला मागून कापत जातो.

गेल्या रविवारी तसंच झालं. पोरगं चीन, अफगाणिस्तान सगळं घेऊन आईच्या तिन्ही बाजूंनी उभं. फासे हातात. आणि म्हणालं, "पास."

दोस्त चिडला. "लेका, बावळट हायस काय? सम्द्या जगाशी भांडतोयस आन् हितं येऊन पास?"

"चाचा, ऱ्हाऊ दे की."

तुमची सून पटाकडं बघत होती. तिनं विचारलं, "माझ्यामुळं थांबलायस?"

"न्हाई."

"दर वेळंला हितंच थांबतोस. मला दिसतंय की." मग तिनं तिचे दोन फासे उचलून मुठीत धरले. "टाक."

"आई, नको."

"खेळायला बसलायस न्हवं? मग खेळ. मला पाहुणी करून बसवू नकोस."

पोरानं माझ्याकडं बघितलं. त्यानं फासे टाकले. तिचे दोन सैनिक उठले. ते तिनं पेटीत टाकले नाहीत, आपल्या गुडघ्याजवळ जमिनीवर ठेवले. पुन्हा टाकले, बरोबरी, त्याचे दोन उठले. पुन्हा बरोबरी. तुम्हाला सांगतो आबा, अशी बरोबरी मी कधी बघितली नव्हती. तिची ओळ पातळ होत गेली, पण त्याचा ढीग तिच्या दुप्पट वेगानं उतरत होता. दोस्त गुडघ्यावर उभा राहून ओरडत होता, "हाण वहिनी, हाण!" आणि ती हसत होती. महिनाभरात मी तिला असं हसताना बघितलं नव्हतं. मग पोराकडं हल्ल्यापुरतेही सैनिक उरले नाहीत, प्रत्येक देशात एकेक. ते म्हणालं, "संपलं. हे आता हलत न्हाईत, मागं एक ठेवावाच लागतोय."

तिचं हसू तिथं थांबलं. जमिनीवरचे सैनिक हातानं सारखे करत ती म्हणाली, "मागं एक ऱ्हातोयच की. त्या एकाचं काय चाललेलं असतंय ते तुमच्या खेळात कोण सांगत न्हाई."

दोस्त गुडघ्यावरनं खाली बसला. मग पोरानं मला विचारलं, आईकडं न बघता, "पप्पा, आजोबांना भ्या वाटायचं काय?"

आता हे ऐका. मला चिंचोक्यांची गोष्ट सांगता आली असती. ती खरी होती. पण ती तुमच्या सुनेसमोर सांगायची मला छाती झाली नाही. सैनिकांना नावं असतात हे तिला माझ्यापेक्षा जास्त ठाऊक होतं. खेचरांचं सांगून भागणार नव्हतं. मी तोंड उघडलं आणि तुमच्या आवाजात, तुमच्या बोलीत, बाहेर पडलं ते असं: "आबा म्हणायचे, भ्या वाटतंयच. पण शेजारच्याला आपल्यापरास जास्त वाटत असलं, की आपण त्येच्याकडं बघतो, आन् तेवढ्यात आपलं इसरून जातंय."

"मामंजी असं म्हणाले?" तिनं विचारलं. "मला तर कधी चहा गोड झाला का न्हाई एवढंबी बोलले न्हाईत."

"मला म्हणाले होते," मी म्हटलं.

मग ती पोराला म्हणाली, "तुझ्या शेजारी कोण असंल त्येच्याकडं बघ मग. आन् त्येलाबी सांग, तुझ्याकडं बघ म्हणून." एवढं बोलून ती चहा ठेवायला उठली. आतून तिचा आवाज आला, "बेस्तरवारी जायाचं न्हवं? बॅग माळ्यावर हाय, काढून पुसून घे." पोरगं तिच्या मागं आत गेलं. मी आणि दोस्त पटाकडं बघत बसलो. त्यानं हळूच विचारलं, "मर्दा, तुझा बा येवढं लांब बोलायचा?" मी म्हटलं, चहा घे आणि घरी जा.

पोराला गाडीत बसवून आलो. जाताना त्यानं दोघांचे पाय धरले, आणि तुमच्या फोटोलाही हात जोडले. आई दारात उभी होती, रडली, पण जेवढं माणूस रडतं तेवढंच. रात्री नीट जेवली.

तुम्ही ते कधी म्हणाला नव्हतात. तुम्हाला भीती वाटत होती की नाही हेही मला ठाऊक नाही, मी कधी विचारलंच नाही. पोरगं ज्या परवानगीवर गेलंय ती तुमच्या नावावरच्या एका वाक्यावर मिळालेली आहे आणि ते वाक्य माझं आहे. जोतिबाला मी हे सांगून आलो. तिला सांगायचं म्हणून काल संध्याकाळी विषय काढला, "आबांचं ते बोलणं," म्हटलं, "ते शेजारच्याचा हात धरतो असं काहीतरी..." पुढं खरं सांगणारच होतो. ती दिव्याला वात लावत होती. मान वर न करता म्हणाली, "हात धरतो न्हवं. त्येच्याकडं बघतो, असं म्हणाले मामंजी."

मी म्हटलं, हो, तसंच म्हणाले होते.

हे कागद घरी नेणार नाही. आणि आबा, तिनं चूक दुरुस्त केली तेव्हा मला हायसं वाटलं.