मायच्या गाण्यांसाठी हार्डडिस्क

धनंजय,

तू झोपला आहेस, म्हणून लिहून ठेवतो. मी हार्डडिस्क आणायला सातच्या एसटीने भंडाऱ्याला जातो आहे. तुझ्या मायचा फोन चार्जिंगला लावला आहे, तो काढू नको. बॅटरी गेली आहे. एकदा बंद पडला तर पुन्हा सुरू होईल याचा भरवसा नाही.

तिने गायलेली धानाच्या रोवणीची गाणी आता फक्त त्याच फोनमध्ये आहेत. "बाबा, सप्पा ऑनलाइन आहे, तुमी कायले फिकर करून राहिले?" असं तूच म्हणाला होतास. आणि तेरवी झाल्यावर तिचं सिमही तूच बंद केलंस. आता ते ऑनलाइन उघडायला ओटीपी लागतो, तो तिच्या नंबरवर जातो. नंबर दुसऱ्या कोणाला मिळाला. मी लावून पाहिला. एक बाई म्हणाली, "काकाजी, कालबी तुमीच लावला होता ना?"

दुकानदार म्हणतो, फिरणारी डिस्क स्वस्त पडते, पण हातातून पडली की गेली. दुसरी महाग आहे, पण धक्का सोसते. मी महागच घेणार, आणि तिला पासवर्ड लावायचा नाही. दोन आणतो. एक इथे राहील, दुसरी आसगावला तुझ्या बहिणीकडे, डिंपलकडे, म्हणजे एका घराला काही झालं तरी गाणी वाचतील. लॅपटॉप काढून ठेव. गाणी उतरवायचं काम तुलाच करावं लागेल, मला येत नाही.

तुझ्यासाठी तिसरी आणत नाही. तुला मायचा आवाज ऐकायचा असेल तेव्हा पुण्याहून घरी ये आणि माझ्यासमोर बसून ऐक.

बाबा