फोल्डरात पडून राहिलेला लेख

६ ऑगस्ट
अकोल्याहून संपादक सरांचा फोन. आमच्या मोबाईल-कॉम्प्युटरच्या पोर्टलवर सगळ्यात जास्त वाचलेला लेख परत रेहानाचा. 'भिजलेला फोन तांदळात ठेवू नका.' माह्या 'प्रोसेसर कसा निवडावा'वर आठ दिवस घातले. वाचला कोणी? मी आन् सरांनी. सरांनीही अर्धाच वाचला असंन.
रे. बारावी शिकलेली, तिकडं अकोल्यात बापाच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात बसते. मी एम.सी.ए., इथं अमरावतीत क्लासवर शिकवते. जळून राहिली मी. माहीच वही आहे, इथं लिहायले काय जाते.

९ ऑगस्ट
रे.ले फोनवर विचारलं, सहजच, लिहितेस कशी? "गिऱ्हाईक विचारते तेच लिहिते ताई. मंग अब्बूले वाचून दाखवते. जांभई आली त्याईले, का तेवढं कापते."
मीही नवऱ्याले वाचून दाखवलं. तिसऱ्या ओळीले उठला, चार्जर शोधाले गेला.

१२ ऑगस्ट
रे.चा नवा लेख आला. सगळ्यांचं शुद्धलेखन मीच तपासते. 'फोन दुरुस्तीले टाकण्याआधी'. फोटो, नंबर, आवाज आधी कसे काढून ठेवायचे. वाचता वाचता चहा गार झाला. इतका चांगला, मेला. ऱ्हस्वदीर्घाच्या सात चुका सापडल्या, तेवढाच जिवाले थंडावा.
राहू दे फोल्डरात. माहा लेख आधी जाऊ दे.

१७ ऑगस्ट
सर : रेहानाचं झालं का?
"लय चुका आहेत सर." खोटं.
बाबा गावाहून आले. सोयाबीन पिवळं पडलं, त्यावर एक शब्द नाही. फोन अडकते म्हणाले. मले क्लासची घाई. म्हटलं, चौकातल्या दुकानात द्या, साफ करून देईन तो.

१८ ऑगस्ट
दुकानवाल्यानं फोनमधलं सगळंच पुसून देल्लं. आईचे सगळे कॉल गेले.
बाबांच्या फोनमध्ये आपोआप रेकॉर्ड होत होते, मले मालूमच नव्हतं. ती गेल्यापासून रोज संध्याकाळी शेताच्या धुऱ्यावर बसून ऐकत. काय असंन त्यात? येताना मीठ आणा. बैल बांधले का? तेच.
रागावले नाहीत. बंद फोन घेऊन बसले.

१९ ऑगस्ट
रे.चा लेख सरांले पाठवला. चुका तशाच. हात लावाची हिंमत नाही झाली.

२१ ऑगस्ट
वाचण्यात परत तिचाच लेख पहिला. तिचा फोन : "ताई, तुमी एवढे दिवस बसून तपासला, म्हणून चालला."
मी हो म्हटलं. हो म्हटलं मी.

२२ ऑगस्ट
नवऱ्यानं बाबांले तो लेख वाचून दाखवला. बाबांनी जांभई नाही देल्ली. म्हणाले, "या पोरीले विचार ना, आवाज वापस येते का."
विचारलं. "आत मेमरी कार्ड आहे का ताई? मंग फोन चालूच नका करू. घेऊन या. आवाज येईनच असं नाही सांगत."

२४ ऑगस्ट
अकोला. बाबा आन् मी, एस.टी.नं. दुकान दोन माणसांपुरतं. तिच्या अब्बूंनी स्वतः उठून बाबांले स्टूल देल्लं. रे.नं कार्ड कॉम्प्युटरले लावलं. बिननावाच्या फायली एक एक करून येऊन राहिल्या. आईचा आवाज यावा, आन् तो हिच्याच हातून काहून यावा, दोन्ही एकाच वेळी वाटून राहिलं. लाज वाटली.
रे. स्क्रीनकडे पाहतच म्हणाली, "फोन दुकानात देल्ला तवा माहा लेख तुमच्यापाशीच होता न ताई?"
बाबांनी मान वर केली.
मी टाळलं, म्हटलं, आधी पाह्य, काही येते का. तिनं पहिली फाईल उघडली.