सात नंबरची चार पिल्लं

१४ नोव्हेंबर
सात आणि नऊ नंबरच्या सशिणी, दोघीही व्यायल्या! बाहेर आमच्या लेइदा शहराचं धुकं, सायकल हातात असून दिसेना. आत सशांच्या खोलीत आठ इवलीशी पिल्लं, बाकीच्या भावंडांच्या निम्मीच. इथं संशोधन करणाऱ्या केराल्टने पिल्लं पोटात असतानाच ह्या आठांचा रक्तपुरवठा आवळला होता. माणसांची बाळंही अशी पोटात खुरटतात, मग डोकं मागे पडतं — त्यावर औषध शोधतेय पोरगी. सातच्या चौघांना निळ्या झाकणाच्या बाटलीतले थेंब, नऊच्या चौघांना लाल. एकीत औषध, एकीत नुसतं पाणी. कशात काय, ते बंद पाकिटात. तिलाही ठाऊक नाही, मलाही नाही.

१६ नोव्हेंबर
सात नंबर आई म्हणून अगदीच बेकार! दिवसातून एकदा पाच मिनिटं पाजणार, तेवढ्यात धट्टीकट्टी भावंडं चौघांना तुडवून पुढे. आणि तिकडे बारा नंबरकडे दोनच पिल्लं, दूध मात्र उदंड. माझ्या हातांनी मला विचारलंच नाही. बाराच्या पोटाचे केस चौघांच्या पाठीवर चोळले, म्हणजे वास परका लागत नाही, आणि दिली तिच्या घरट्यात ठेवून. गावी आई तिच्या सशांचं असंच करायची. बाराने हुंगलं — आणि पाजलं. गुणाची गं माझी बाय!
सायकलवर बसल्यावर आठवलं, ही आईची खुराडी नव्हेत. हा केराल्टचा तीन वर्षांचा अभ्यास आहे.

१७ नोव्हेंबर
सांगितलं नाही. चौघांची वजनं वाढली.

२६ नोव्हेंबर
डोळे उघडले! पिल्लांना नाव द्यायचं नाही, हा इथला नियम. शेवटी त्यांचे मेंदू तपासायचे असतात. मी दिलेलं नाही. फक्त सगळ्यात लहान्याला मनात बदाम म्हणतो.
बायको म्हणाली, "रविवारी भातात ससा घालू?"
"कोंबडी घाल."
"अकरा वर्षं कोंबडीच खातोय आपण, मार्सल! हत्तीखान्यात नोकरी का नाही धरलीस?"

१७ जानेवारी
आज परीक्षा. ओळखीच्या लाकडी रिळाशेजारी एक नवं खेळणं ठेवायचं. शहाणं पिल्लू नव्याकडे जातं. लाल झाकणवाली गोंधळून बसली. माझी चारही सरळ नव्याकडे! बदामाने तर ते उलथवलंच. केराल्टने माझ्या गळ्यात हात टाकले.
"निळ्यातच औषध आहे, मार्सल! बावीसला सगळ्या प्राध्यापकांसमोर मांडते. आईला आत्ताच फोन करते!"
मी हसलो. पण ही चौघं बाराच्या दुधावर वाढलीत. ती सगळ्यांपुढे खोटी पडणार, तीही माझ्यामुळे.

१९ जानेवारी
सांगितलं. दारात उभा राहून, टोपी हातात घेऊन.
"म्हणजे त्यांचं दूध वेगळं, घरटं वेगळं, आई वेगळी?"
"हो. बाराचे केस पाठीवर चोळून तिच्याकडे दिली."
"दोन महिने रोज सकाळी माझ्याशी गप्पा मारत होतात तुम्ही!"
"हो, पोरी."
ओरडली असती तर बरं झालं असतं. माझ्या हातातला वजनाचा कागद काढून घेतला आणि गेली. मला ती फार आवडते, हे आज लिहून ठेवतो. मुलगी असती तर अशीच हट्टी असती.

२२ जानेवारी
तिने व्याख्यान रद्द केलं. पिल्लांची वजनं स्वतःच करते.

२९ जानेवारी
पहिल्यांदा बोलली. "उद्या पाकीट उघडते. बिघडलंच आहे, तर बघू तरी. तुम्हीही या."

३० जानेवारी
औषध लाल झाकणात होतं. माझ्या चौघांच्या निळ्यात नुसतं पाणी.
केराल्टने कागद दोनदा वाचला. मग बदामाच्या पिंजऱ्याकडे बघत म्हणाली, "मार्सल, ते केस चोळायचं कसं, मला दाखवाल?"