ब्रीझीचं कार्ड

४ मार्च
'ब्रीझी' माझ्या वाट्याला आलं! शब्दकोशाच्या कचेरीत संपादक बाईंनी आज नव्या शब्दांची कार्डं वाटली. वाटलं, चहाच्या आत उरकेल. कसलं काय! 'वाऱ्याचा दिवस' लिहिलं, खोडलं – वादळही वाऱ्याचंच. 'झुळुकीचा'? झुळुकीनं चादरी फडफडत नाहीत. मग खिडकीबाहेर बघत बसले. पान हलेल तर शपथ!

५ मार्च
अर्थ बाईंना पटला – 'सुखद, खेळता वारा असलेला, वादळी नव्हे.' अडलंय उदाहरण. आमच्याकडे वाक्य रचायचं नाही, कुणाच्या तरी तोंडचंच हवं. "मनातली वाक्यं नकोत हं," बाईंनी बजावलं. "कोण म्हणालं तेही लिही."

कोण म्हणालं ते मला पक्कं ठाऊक आहे. बाबा! बंदरावर होड्यांना हवामान सांगायचे आणि निघताना घरात आईलाही. "आज ब्रीझी आहे गं, चिमटे लाव!" आई दोरीवर कपडे टाकत म्हणायची, "तुमची इंग्रजी हवा होड्यांना सांगा!" चिमटे काही लावायची नाही. मग बाबांचा शर्ट शेजारच्या गच्चीवर.

लिहायला घेतलं, पण हात चालेना. अर्धांगाचा झटका आल्यापासून बाबा एक शब्द बोललेले नाहीत. माणूस समोर असताना त्याचं बोलणं आठवणीतून उतरवायचं – म्हणजे तो गेलाच म्हणायचं. नको. मला ते पुन्हा ऐकायचंय.

८ मार्च
"बोलत राहा त्यांच्याशी," डॉक्टर म्हणतात. पलंग खिडकीशी ओढला. "बाबा, आज हवा कशी?" ते नुसते बघतात. आई पाठ फिरवून घड्या घालत राहते.

११ मार्च
वारा नाही.

१५ मार्च
दुपारी बाबांच्या उशाशी डोळा लागला. स्वप्नात कचेरीतली सगळी कार्डं दोरीवर वाळत होती, बिनचिमट्यांची. एकेक सुटून समुद्राकडे निघालं होतं आणि बाबा खाली उभे राहून हसत होते, मोठ्यांदा. किती छान हसत होते! जागी झाले तर पडदा जागच्या जागी.

१७ मार्च
बाई म्हणाल्या, "तुझ्या ब्रीझीचं घोडं कुठे अडलंय?" म्हटलं, वाऱ्याची वाट बघतेय. त्यांना थट्टाच वाटली.

१९ मार्च
पडदा फुगला! बाहेर चादर दोरीवरून निसटायला लागली. आणि पलंगावरून, अडखळत – "चि... चिमटे लाव."

वाक्यात 'ब्रीझी' नाहीच. कार्डावर उदाहरणाची जागा कोरीच राहिली. आई धावत गेली आणि सगळ्या कपड्यांना चिमटे लावून आली – रुमालालासुद्धा.