वरचा थर

६ नोव्हेंबर, मंगळवार

ती. दादास नमस्कार.

तू बरा असशील, वहिनी आणि छोटी मजेत असतील असं धरून चालते. इकडे ठीक. बाबांचा गुडघा कुरकुरतो, पण कुरकुरण्यात बाबा गुडघ्याला हार जात नाहीत. वर्कशॉपच्या मागच्या खिडकीची काच एकदाची बदलली. गळाचे रॉड फिरवायची जुनी मोटर मात्र अजून तीच आहे. घरघरते आणि चालते, बाबांसारखी.

हे सगळं दर पत्रात असतंच, म्हणशील. खरं आहे. या पत्राचे तीन कागद फाडून झालेत आणि तिन्हींत मी गुडघ्यापाशीच अडकले होते. आता सरळ सांगते. हे पत्र मुद्दाम कुरियरने पाठवते आहे, कारण ते रविवारच्या आत तुझ्या हातात पडायला हवं. रविवारी तुझ्याकडे घड्याळवाले काका येणार आहेत.

घाबरू नकोस. भांडायला येत नाहीयेत.

मागच्या गुरुवारी ते दुकानाच्या दारात उभे राहिले. सहा वर्षांत पहिल्यांदा. बाबा व्यायामाला गेले होते, मी एकटीच होते. त्यांचा उजवा डोळा काचेचा आहे, तो आपल्याकडे बघत नाही, आणि डावा इतका बघतो की आपण कुठे बघावं ते कळत नाही. घड्याळदुरुस्ती त्यांनी सोडलेली नाही. दोन वर्षं त्यांचं दुकान बंद होतं, मग भिंग डाव्या डोळ्याला लावायची सवय केली म्हणाले. खडकावरून मासे धरायला पुन्हा रॉड हवा होता. मी म्हटलं, करते. त्यावर त्यांची एकच अट. रॉडवर दोऱ्याने कड्या बांधून झाल्या की बोलवायचं, आणि त्या दोऱ्यावर द्यायचं इपॉक्सी त्यांच्यासमोर कालवायचं.

काल सकाळी ते आले. टेबलासमोर स्टूल ओढून बसले, खिशातलं घड्याळ काढून माझ्या मिश्रणाच्या पेल्याशेजारी ठेवलं. राळेची आणि ती घट्ट करणाऱ्या हार्डनरची, दोन्ही बाटल्या मी कोमट पाण्यात ठेवल्या होत्या. गार हार्डनर सिरिंजमध्ये नीट चढत नाही, माप चुकतं, हे तूच मला शिकवलंस. तीन मिली राळ, तीन मिली हार्डनर. सिरिंजमधला बुडबुडा वर चढेपर्यंत थांबले. मग ढवळायला घेतलं. सावकाश, तीन मिनिटं, पेल्याचा तळ आणि कडा खरवडत, काडीला चिकटलेलं पुन्हा आत पुसत. कडेला जे न मिसळता राहतं ते जन्मात घट्ट होत नाही. हे सगळं तुला मी कशाला सांगतेय? हात चालू ठेवायला सांगतेय बहुतेक. कालही तसंच झालं.

एक मिनिट झालं असेल. काका अगदी शांतपणे बोलायला लागले. तीन वर्षांपूर्वी तू त्यांना बसस्टँडवर भेटलास म्हणे. त्यांनी तुला चारचौघांत नाही नाही ते सुनावलं. तुझ्या पोरीचा डोळा जावा म्हणजे तुला कळेल, इथपर्यंत बोलले. आणि छोटी तुझं बोट धरून तिथेच उभी होती. तू मान खाली घालून सगळं ऐकलंस, फक्त "काका, माफ करा" म्हणालास आणि तिला कडेवर घेऊन निघून गेलास.

दादा, हे तू मला कधी सांगितलं नाहीस.

माझ्या तोंडून निघून गेलं, "काका, तुमच्या त्या रॉडचं मिश्रण दादाने केलं नव्हतं. मी केलं होतं."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं नाही. घड्याळाकडे पाहत म्हणाले, "हात थांबवू नकोस. अजून पन्नास सेकंद आहेत."

मी ढवळत राहिले. ते पन्नास सेकंद मी विसरणार नाही.

इतकं तर तुलाही माहीत होतं. तू बाबांना हॉस्पिटलमधून घरी आणायला गेला होतास आणि जाताना म्हणालास, आज तू कर, पण घोड्यावर बसून करू नकोस. बाबांनी मला इपॉक्सीला हात लावायला बंदी केली होती, तरी तू विश्वास टाकलास. पुढे जेव्हा त्या रॉडची कडी सुटून दोरीसकट काकांच्या डोळ्यात गेली आणि बाबांनी टेबलावर हात आपटून "कोणी कालवलं?" म्हणून विचारलं, तेव्हा मी दोऱ्यांचा ट्रे धरून उभी होते. तू माझ्याकडे पाहिलंस आणि म्हणालास, "मी." पोरीच्या हातून चूक झाली, तिला कशाला आयुष्यभर ऐकायला लावा, असंच तुला वाटलं असणार. बाबांनी अबोला धरला, तू घर सोडलंस, आणि वर्कशॉप माझ्याकडे आलं.

पण तुला अर्धंच माहीत आहे.

काकांनी घड्याळवाल्यासारखा नेमका प्रश्न विचारला. मी ब्रशने दोऱ्यावर थर देत होते, रॉड मोटरवर फिरत होता, बुडबुडे घालवायला मी दिव्याची ज्योत खालून फिरवली. तेवढ्यात ते म्हणाले, "चूक झाली होती, की कळलं होतं?"

कळलं होतं, दादा. दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिसऱ्या कडीवर अंगठा टेकवला तर ठसा उमटला. चिकट होतं. घाईत मी पेल्याची कड खरवडली नव्हती. सगळं खरवडून दोरा पुन्हा बांधायला हवा होता. दोन दिवस गेले असते, बाबांना कळलं असतं, तुलाही बोलणी बसली असती. तू वर बाबांची पट्टी बदलत होतास. मी खाली नवं मिश्रण केलं, या वेळी अगदी नीट, आणि त्या चिकट थरावर दुसरा थर चढवला. काचेसारखा चकाकला. तू खाली येऊन तो बघितलास आणि माझ्या पाठीवर थाप मारलीस. आतलं तसंच ओलं राहिलं. भार आल्यावर दोऱ्याखाली दाबलेला कडीचा पाय त्यातून सरकला.

मी चुकले नव्हते. मी झाकलं होतं. तू ज्या चुकीसाठी सहा वर्षं दिलीस, ती चूक नव्हतीच.

काकांना हे सगळं सांगितलं. ते रॉड फिरत होता तिकडे बघत बसले. मग घड्याळ खिशात टाकलं आणि तुझा पत्ता मागितला. "आधी त्याची माफी मागून येतो," म्हणाले. "तुझं काय करायचं ते मला अजून कळलेलं नाही." मी पत्ता लिहून दिला. माझं अक्षर वाकडं आलं.

ते गेल्यावर ठरवलं, आता बाबांनाही त्यांच्याकडून कळायला नको. दुपारी सांगून टाकलं. सगळं, अंगठ्यासकट. बाबांनी एकच विचारलं, "दुसरा थरही तूच दिलास?" मी हो म्हटलं. त्यांनी फळीवरच्या माझ्या सिरिंजा उचलल्या, कपाटात ठेवल्या आणि कुलूप लावलं. तेव्हापासून माझ्याशी एक शब्द नाही. मी केलेला चहासुद्धा घेतला नाही. माझी तक्रार नाही. असा अबोला तू सहा वर्षं कसा सोसलास, ते मला एका दिवसातच कळायला लागलं आहे.

मला माफ कर असं मी लिहिणार नाही. बसस्टँडवर तू ते शब्द माझ्या वाटणीचे बोललास, आता मी तेच कोणत्या तोंडाने वापरू? रविवारी काका आले की त्यांना खोटं पाडू नकोस, मला वाचवू नकोस. एवढंच मागते. छोटीला त्या वेळी काय समजलं होतं कोण जाणे. पण तिच्या बापाने काही केलं नव्हतं, हे तिला तू सांग. तू नाही सांगितलंस तर मी येऊन सांगेन.

घडी उलगडून पुन्हा लिहिते आहे. आत्ता हे पत्र घडी करत होते तेव्हा बाबा आले. पाकीट माझ्या हातातून घेतलं, चष्मा लावला आणि खुर्चीत बसून तुझा पत्ता लिहिला. अक्षर पूर्वीसारखं नीट नाही, पण ओळखशील. मला पत्ता विचारला नाही, दादा. त्यांना पाठ होता.

दरवेळी खाली "तुझी लाडकी" लिहिते. आज नुसतं

तुझी बहीण